फर्गसलँडमधले तक्रार दालन

मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, ओहायो राज्यातील डेटन या गावचे रहिवासी लेलँड वॉस्बर्ग यांनी फर्गसलँडच्या तक्रार दालनात अशी तक्रार नोंदवली की, चांदणतळ्यातील नौकाविहार १९८१ साली अकरा मिनिटांचा होता, तो आता सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा झाला आहे. तक्रार लेखी होती. पुराव्यादाखल सोबत स्टॉपवॉच होते.

तक्रार नोंदवून घेणारी मी. माझे नाव ऑड्रा हचिन्स. त्या दालनात मी बावीस वर्षे बसत होते.

फर्गस हे आमचे पाणमांजर. फ्लोरिडातली एक दलदल बुजवून त्याच्या नावाने हे मनोरंजन उद्यान उभारले, तेव्हा मूळ नकाशात माझ्या दालनाची नोंद चुकून 'झाडू ठेवण्याची खोली' अशी झाली. त्यामुळे पुढे आलेल्या एकाही सुधारणा समितीची नजर त्यावर पडली नाही. बाहेर सगळे सुधारत गेले आणि माझी खोली मागास राहिली. चार चामडी खुर्च्या, गार हवा, पिण्याच्या पाण्याचे पिंप, शेजारी कागदी पेले आणि समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेणारी एक बाई, एवढेच तिथे होते.

वॉस्बर्ग दारातच थांबले. सत्तरीचा उंच, वाळका माणूस. हाताला सात वर्षांची नात, टेस.

"बसा, सर," मी म्हटले.

"बसायचं किती?"

"म्हणजे?"

"सकाळपासून दोन बाकांवर बसलो. दोन्हीचं भाडं भरलं. दुसऱ्याला पाठ होती म्हणून जास्त पडलं."

"इथं काही पडत नाही."

ते अर्ध्या खुर्चीवर बसले. उरलेली अर्धी त्यांनी सुरक्षिततेसाठी मोकळी ठेवली. टेस पाण्याचे तीन पेले प्यायली आणि तिने विचारले, "आजोबा, ही कुठली राइड?"

"ही राइड नाही. हे ऑफिस आहे."

"म्हणूनच रांग नाही," टेस म्हणाली, आणि दुसऱ्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन झोपून गेली.

वॉस्बर्ग निवृत्त लिफ्ट-निरीक्षक होते. चौतीस वर्षे त्यांनी लोकांच्या लिफ्ट तपासल्या होत्या. "मॅडम," ते म्हणाले, "चौथ्या मजल्याचं बटण दाबलं आणि लिफ्ट अडीचाव्या मजल्यावर थांबली, तर मालक मला म्हणू शकत नाही की हा सुधारित चौथा मजला आहे. म्हणाला तरी मी सही करणार नाही."

"बरोबर आहे, सर."

"तिकीट साडेनऊ डॉलर होतं. आज माझं एकशे एकोणनव्वद, हिचं एकशे एकोणऐंशी. त्याबद्दल मी बोलत नाही. महागाई सगळीकडे आहे. मी फक्त मिनिटांबद्दल बोलतोय."

आमच्याकडे दर वाढत नसत. दरांचे 'ऋतुमानानुसार समायोजन' होत असे, आणि फ्लोरिडात बाराही महिने उन्हाळ्याकडे झुकलेले असल्यामुळे समायोजनाला दुसरी दिशाच नव्हती. रांगेला आम्ही 'अपेक्षावर्धन क्षेत्र' म्हणायचो. बंद पडलेला पाळणा 'विश्रांती घेत' असे. हे सगळे मला पाठ होते आणि सांगायचीही मला आज्ञा होती.

"कोरिनला मी त्या नावेत मागणी घातली," ते म्हणाले. "अंगठी खिशात होती. मी भित्रा माणूस. पहिली आठ मिनिटं नुसता काठावरच्या यांत्रिक पाणमांजरांकडे बघत बसलो. नवव्या मिनिटाला, गुहेच्या वळणावर, विचारलं. आता हिशोब करा. सहा मिनिटं चाळीस सेकंद. मी फलाटावर उतरलो असतो, अंगठी खिशात तशीच, आणि ती मुलगी तिच्या मैत्रिणींबरोबर बसने निघून गेली असती. ही टेस जन्माला आली नसती. तुम्ही लोकांनी माझी नात कापली, मॅडम."

"कोरिनबाई बरोबर आल्या नाहीत?"

"दोन वर्षं झाली जाऊन."

मी पिंपातून पाणी आणून दिले. ते चाळीस मिनिटे बोलले आणि मी ऐकले. मग मी त्यांना छापील उत्तर दिले. त्यात 'आपल्या आठवणी आमच्यासाठी मोलाच्या आहेत' असे एकच वाक्य होते. त्यांनी ते दोनदा वाचून त्याची नीट घडी घातली आणि नातीला खांद्यावर टाकून ते निघून गेले.

संध्याकाळी फाटकावर सर्वांना विचारतात त्याप्रमाणे त्यांनाही विचारले गेले, की आजचा सर्वांत आनंदाचा क्षण कोणता. हा माणूस खोटे लिहिणारा नव्हता. त्याने लिहिले, 'तक्रार दालन. बसायला मिळते. पाणी आहे. बाई ऐकून घेते.' फाटकावर दोघांना घ्यायला आलेल्या टेसच्या आईने हे वाचले, त्याचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला.

पुढच्या आठवड्यात दिवसाला नऊ माणसांच्या जागी चाळीस माणसे येऊ लागली. एप्रिल संपेपर्यंत दीडशे. त्यांतल्या निम्म्यांना तक्रारच नव्हती, त्यांना टेकायचे होते. पण रिकाम्या हाताने कसे बसायचे म्हणून ती सभ्य माणसे काहीतरी तक्रार घेऊन येत. आयोवाचे एक शेतकरी जोडपे सकाळपासून एकमेकांशी बोललेले नव्हते. बटाट्याच्या तळलेल्या काड्या पुडीत चौदाच निघाल्या ही तक्रार लिहिता लिहिता पंधरावी कोणी खाल्ली यावरून ते बोलू लागले, आणि हातात हात घालून बाहेर पडले. काही लोक रडायचे. मी कागदी रुमाल घरून आणायला लागले.

मे महिन्यात प्रेस्टन गॅरेट माझ्या दारात उभा राहिला. हा आमचा 'अतिथी-आनंद उपाध्यक्ष'. वय एकतीस, आधी गाद्यांच्या कंपनीत होता. बावीस वर्षांत वरच्या मजल्यावरून माझ्या खोलीत आलेला तो पहिलाच माणूस.

"ऑड्रा," तो म्हणाला, "समाधानाच्या यादीत तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात. संपूर्ण उद्यानात."

"पहिला कोण?"

"वाहनतळाकडे परत नेणारी गाडी. ती सोडा. लोक तुमच्याकडे यायला दोन-दोन तास बाहेर उभे आहेत. का?"

"तक्रार करायला, सर. बाकी सगळीकडे…"

"तक्रार करायला दोन तास थांबतायत," तो हळूच म्हणाला. "आमच्या धंद्यात याला मागणी म्हणतात."

"सर, बाहेर जागोजागी चार बाक आणि पाण्याचे नळ ठेवले, तर ते माझ्याकडे येणारच नाहीत."

"तेच तर," प्रेस्टन म्हणाला. "ती चूक आपल्याला करायची नाही."

पंधरा दिवसांत माझी खोली उद्यानाच्या नकाशावर आली. 'मनमोकळे: एक तक्रार-प्रवास' असे तिला नाव मिळाले आणि प्रवेशाला अठरा डॉलर पडू लागले. रांग टाळायची असेल तर चौतीस. जूनमध्ये सगळ्यांनीच चौतीसवाले घेतल्यामुळे रांग टाळणाऱ्यांची रांग साध्या रांगेपेक्षा मोठी झाली, तेव्हा ती टाळण्यासाठी पंचावन्नचे काढले. मला डोक्यावर पाणमांजराचे कान मिळाले, दोन्ही खाली वळलेले, सहानुभूतिदर्शक. बाहेर पडायचा रस्ता दुकानातून काढला, आणि तिथे 'मी तक्रार केली' असे छापलेले टीशर्ट मोठ्या मापात लवकर संपायचे.

मग सुधारणा सुरू झाल्या. खुर्च्या गेल्या, कारण माणूस बसला की उठत नाही असे निरीक्षण होते. त्याऐवजी टेकायला दांडा आला. पिंप गेले आणि पाण्याचे यंत्र आले, सहा डॉलरची बाटली. गार हवा राहिली, पण दार सतत उघडे असल्यामुळे ती फ्लोरिडा राज्याला मिळू लागली. प्रत्येकाला आधी चार मिनिटे होती, ती ऑगस्टमध्ये दीड मिनिटावर आली. भिंतीवर फलक लागला. रांग, ऊन, खाणे या सामान्य तक्रारी मूळ तिकिटात. बालपण, दिवंगत जोडीदार आणि 'पूर्वी असे नव्हते' या वारसा तक्रारी, बारा डॉलर अधिक.

मी प्रेस्टनला म्हटले, "दीड मिनिटात माणसाचं नावगाव सांगून होत नाही."

"नाव तिकिटावर असतं," तो म्हणाला. "गाव कुणाला विचारायचंच कशाला?"

नोव्हेंबरमध्ये वॉस्बर्ग परत आले, बरोबर टेस. मार्चमधली फेरी टेसच्या सुट्टीची होती; एरवी ते कोरिनच्या वाढदिवसाला येत, दर वर्षी, आधी जोडीने आणि आता असे. ते दीड तास उभे राहून, वारसा दर भरून माझ्यासमोर आले आणि माझ्या कानांकडे पाहून थोडे गोंधळले.

"मॅडम, ते मिनिटांचं बोललो होतो. आता पाच मिनिटं दहा सेकंद झालंय. आणि पाणमांजरं चौसष्ट होती, त्यातली तेवीसच हलतात. मी उभ्याउभ्या मोजली."

"बाकीची विश्रांती घेतायत," मी म्हटले. म्हणावे लागे.

"घेऊ द्या. मला त्यांचं काही नाही. मी या वेळी वेगळं सांगायला आलोय. आज कोरिनचा वाढदिवस. ही म्हणाली, आजोबा, आजीला जिथं विचारलं ती जागा दाखव. मी दाखवायला बोट वर केलं, आणि बोट वर जाईपर्यंत नाव…"

भोंगा वाजला. दीड मिनिट झाले होते.

त्यांचे बोट खरेच वरच राहिले होते. मी पाहिले, दाराबाहेरचा सेवक आत यायला निघाला आहे. मी उठून दाराला कडी घातली, डोक्यावरचे कान काढून टेबलावर ठेवले आणि म्हटले, "बोला, सर. नाव पुढे गेली."

ते वीस मिनिटे बोलले. कोरिन हसताना तोंडावर हात धरायची, तिला गाजराचा केक आवडायचा, शेवटच्या महिन्यात तिला नवऱ्याचे नाव आठवत नव्हते पण नावेतल्या गाण्याची चाल आठवत होती. मी अधूनमधून 'हं' म्हणत होते. टेस दांड्याला लोंबकळत होती.

बाहेर तेवढ्या वेळात तेरा माणसांचे दीड-दीड मिनिट बुडाले. त्यांनी तक्रार केली. तक्रार दालन बंद असल्यामुळे ती थेट प्रेस्टनकडे गेली, आणि संध्याकाळी पाच वाजता माझी सेवा 'आनंदपूर्वक पूर्ण' करण्यात आली. बावीस वर्षांच्या सेवेबद्दल मला एक दिवसाचे प्रवेशपत्र मिळाले. सुट्ट्या, शनिवार-रविवार आणि उन्हाळा वगळून. माझ्या जागी नावेच्या गुहेतले एक यांत्रिक पाणमांजर आणून बसवले. ते दर सात सेकंदांनी मान हलवून 'अरेरे' म्हणते. माझ्यापेक्षा ते अधिक लोकप्रिय ठरले, असे मला नंतर कळले. मी कधीकधी मान हलवायला विसरत असे.

घरी येऊन मी प्रवेशपत्र उलटसुलट करून पाहिले. ते चालेल असे दिवस त्या वर्षात अकराच उरले होते आणि दुसऱ्या दिवशीचा बुधवार त्यांतला होता. मी गेले. बावीस वर्षांत मी चांदणतळ्याच्या नावेत एकदाही बसले नव्हते. रांगेत पुढे वॉस्बर्ग आणि टेस दिसले, काल राहिलेली जागा दाखवायला परत आलेले. त्यांनी मला जागा दिली, मागच्यांनी कुरकुर केली, आणि दीड तासाने आम्ही तिघे एका बाकावर बसलो.

"धरून बसा, मॅडम," वॉस्बर्ग म्हणाले. "लवकर संपतं."

नाव गुहेत शिरली. बँजो वाजवणारी पाणमांजरे दिसली, म्हणजे काही वाजवत होती आणि काही नुसती बँजो धरून होती. टेस म्हणाली, "एक कमी आहे." मी तिला ते कुठे गेले ते सांगितले नाही. तेवढ्यात खालून करकर आवाज आला, नाव एका बाजूला कलली आणि थांबली. मग गाणे थांबले. मग दिवे गेले, आणि भिंतीतले हिरवे आपत्कालीन दिवे लागले.

पाच मिनिटे सगळे आपापली पाकिटे धरून बसले. सर्वांना वाटले की याचेही वेगळे पैसे असतील.

पहिल्यांदा मागच्या बाकावरच्या बाईने पिशवीतून बिस्किटे काढली. बाहेरचे खाणे आणायला उद्यानात सक्त बंदी होती. ती तिने मुलाच्या लंगोटांखाली लपवली होती. पुडा सगळ्या नावेत फिरला. टेनेसीहून आलेल्या दोन बहिणी गाणे म्हणू लागल्या. त्यांना दुसरे कडवे येत नव्हते, ते एका ट्रकचालकाने म्हटले. मी चौघांच्या तक्रारी ऐकल्या, सवयीने.

आणि वॉस्बर्ग उठून उभे राहिले. त्यांनी हिरव्या उजेडात इकडेतिकडे पाहिले, बोट वर केले आणि ते वरच ठेवले. "टेस," ते म्हणाले, "ते बघ. ते तुटक्या कानाचं पाणमांजर आहे ना, त्याच्यासमोर. तिचा हात गार होता. ती म्हणाली, एवढा वेळ काय करत होतास?"

"मग?"

"मग हो म्हणाली."

टेसने त्या जागेकडे खूप वेळ पाहिले. घाई नव्हती. वॉस्बर्गांनी डोळे पुसले आणि मग, स्वभावाप्रमाणे, हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिले.

एक्केचाळीस मिनिटांनी गमबूट घातलेले दोन सेवक गुडघाभर पाण्यातून आले आणि त्यांनी आम्हाला ढकलत फलाटाला लावले. तिथे प्रेस्टन स्वतः उभा होता, चेहरा पांढराफटक. नुकसानभरपाईचे कागद त्याने छातीशी धरले होते.

"अनुभव कसा होता?" त्याने चाचरत विचारले.

"फार छान," बिस्किटवाली बाई म्हणाली. ट्रकचालक म्हणाला, "आयुष्यातली उत्तम राइड." टेनेसीच्या बहिणी अजून गात होत्या.

वॉस्बर्गांनी त्याच्या हातातला एक कागद घेतला. 'एक्केचाळीस मिनिटे,' त्यांनी लिहिले. '१९८१पेक्षा तीस जास्त. तक्रार नाही.' आणि चौतीस वर्षे जशी करत तशी सही केली, खाली तारीख घातली.

मी प्रेस्टनचा चेहरा पाहत होते. त्याच्या गालांवर हळूहळू रंग परत आला. तो रंग मी मे महिन्यात माझ्या दारात एकदा पाहिला होता, त्यामुळे मी वॉस्बर्गांना म्हटले, "सर, तो कागद परत मागा." पण ते टेसच्या बुटाची नाडी बांधत होते.

जानेवारीत घोषणा झाली. 'चांदणतळे: अडकलेली नाव. हमखास बिघाड. मूळ तिकिटावर फक्त पंच्याण्णव डॉलर.' बिघाड रोज सकाळी नऊपासून नियमित होऊ लागला. आत चोरून आणलेली बिस्किटे बारा डॉलरला मिळू लागली, लंगोट वेगळे. गाणाऱ्या दोन बहिणी तासाच्या मजुरीवर नेमल्या, त्यांना दुसरे कडवे न येण्याची अट घातली. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी न अडकणारी साधी नाव ठेवली, तीन मिनिटे वीस सेकंदांची. अडकण्याचा काळ पहिल्या महिन्यात एक्केचाळीस मिनिटे होता. मग तो पंचवीस झाला, आणि फेब्रुवारीत अतिथींचा वेळ वाचावा म्हणून पंधरावर आणला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वॉस्बर्गांचा डेटनहून फोन आला.

"मॅडम, एक काम होतं. तुम्ही तिथं जवळ राहता. फोनवरून जागा धरली तर माणशी तीस डॉलर जास्त लावतात. खिडकीवर जाऊन आमच्या धराल का? अडकलेली नाव, नोव्हेंबरसाठी. पाच माणसं."

"सर," मी म्हटले, "तुम्ही स्वतः सगळं मोजलंय. आता पंधरा मिनिटं राहिलंय."

"पंधरा म्हणजे अकरापेक्षा चार जास्तच की," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "टेसच्या वर्गातली सगळी जाऊन आली, मॅडम. आणि एक तारखेपासून दर वाढतायत."

म्हणून मी आज इथे खिडकीच्या रांगेत उभी आहे. पाच त्यांच्या घेणार आहे आणि एक माझी. मला तुटक्या कानाचे पाणमांजर पुन्हा एकदा बघायचे आहे, आणि एक तारखेनंतर ते जमणार नाही. रांग दोन तासांची आहे. माणसे चांगली आहेत, गप्पा चांगल्या चालल्या आहेत. माझ्या पुढचा निळ्या टोपीवाला म्हणतो की ही शुद्ध लूट आहे. त्याच्या पुढची नर्स म्हणते, लोक मुकाट्याने पैसे देतात म्हणून यांचे फावते. सगळ्या रांगेने मान डोलावली. लोकांना अक्कल नाही, यावर इथे पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत एकमत आहे.

तुम्हीही हसताय ते दिसतेय मला. हसा, पण जरा पुढे सरकून हसा. निळी टोपी, मग मी, मग तुम्ही. मध्ये फट दिसली की कोणीतरी घुसते.